पुठ्ठ्याचं म्यान

आमच्या पोस्टात पार्सलच्या खिडकीवर अठरा वर्षं माझ्या शेजारी जो माणूस बसला, त्याला सगळे खुळखुळे म्हणायचे. हे त्याचं आडनाव नव्हे. ते नाव मीच पाडलं होतं आणि ते असं चिकटलं की एकदा मोठ्या साहेबांनीही त्याच नावाने त्यांना आत बोलावलं. कोणी पार्सल पुढे सरकवलं की खुळखुळे आधी ते दोन्ही हातांनी उचलून कानाशी न्यायचे, तीनदा हलवायचे आणि मग अंगठ्याने आठही कोपरे दाबून बघायचे. आत काही खुळखुळलं की पार्सल परत. मग समोरचा भांडो, रडो नाहीतर कुठल्या मोठ्या माणसाची ओळख सांगो.

मी शेजारच्या खिडकीवर तिकिटं आणि रजिस्टरची पत्रं बघायचे. माझी जीभ लांब आहे हे मला ठाऊक आहे, घरचेही अधूनमधून आठवण करून देतात. खुळखुळेंना मी पुष्कळ छळलं. पार्सल कानाला लावलेलं असताना 'पलीकडून कोण बोलतंय?' असं विचारायचे. ते हसायचे नाहीत. 'बाई, रांग बघा तुमची,' एवढंच म्हणायचे.

सुऱ्यांच्या बाबतीत तर ते डोळ्यांत तेल घालून बसायचे. पोस्टातून सुरी पाठवता येते हेच पुष्कळांना माहीत नसतं, आणि ज्यांना माहीत असतं त्यांना ती कशी पाठवायची याचा पत्ता नसतो. एकाने मोज्यात घालून आणली होती. मोजा निदान धुतलेला तरी असावा. एक जण बटण दाबलं की खटकन पातं बाहेर येणारी सुरी घेऊन आला. असल्या सुऱ्या आमच्याकडे मुळीच चालत नाहीत, काठीत नाहीतर पेनात लपवलेली पातीही चालत नाहीत. तो म्हणाला, फळं कापायला आहे. खुळखुळेंनी शांतपणे विचारलं, 'का, फळ पळून जातं?' अठरा वर्षांत मी त्यांच्या तोंडून ऐकलेला हा एकच विनोद, आणि तोही त्यांनी विनोद म्हणून केला होता की नाही देव जाणे.

स्वयंपाकाच्या, कसायाच्या, चांभाराच्या, पुस्तकं बांधणाऱ्याच्या सुऱ्यांना मात्र मनाई नव्हती. फक्त त्या नीट बांधलेल्या हव्यात. आणि नीट म्हणजे काय, ते खुळखुळे येणाऱ्या प्रत्येकाला करून दाखवायचे. त्यांच्या खणात पुठ्ठा, कात्री, सुतळी आणि बाटल्यांची जुनी बुचं असायची. आधी सुरीचं टोक बुचात खुपसायचं. मग जाड पुठ्ठा मधोमध दुमडून त्याचं म्यान करायचं. दुमडलं की एक बाजू बंद होते आणि एक उघडी राहते. धार बंद बाजूला, पातळ पुठ्ठ्याची आणखी एक पट्टी आत घालून. पाठ उघड्या बाजूला, आणि चिकटपट्टी त्या बाजूने. मग सुतळीने मुठीपासून टोकापर्यंत आवळायचं, खोक्यात चारी बाजूंनी कागद ठासायचा, आणि बाहेर मोठ्या अक्षरांत लिहायचं: आत धारदार वस्तू आहे. हे सांगताना ते प्रत्येकाला एक वाक्य ऐकवायचे, की तुमची सुरी ज्याला पोचायची त्याला पोचेल, पण मधे नऊ-दहा माणसांचे हात लागतात आणि त्यातलं कोणी तुमच्या ओळखीचं नाही.

हे सगळं ते कोणाकडून शिकले तर त्यांच्या थोरल्या भावाकडून. त्यांना आम्हीही सगळे दादाच म्हणायचो. पोस्टापासून तीन गल्ल्या सोडून दादांचं सुऱ्यांचं दुकान. खाली चाक, सहाण आणि भट्टी, वर एक खोली. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. वडील वारले तेव्हा दादा पंधरा वर्षांचे आणि आमचे खुळखुळे सहाचे. दादांनी शाळा सोडली आणि वडिलांच्या चाकावर बसले. धाकट्याला मात्र त्यांनी चाकाला हात लावू दिला नाही. तू शिकायचं, खुर्चीवर बसायचं, असं बजावलं होतं, आणि धाकटा शिकला आणि खुर्चीवर बसला. खुळखुळेंनी हे मला एकदाच सांगितलं. पण सांगताना ते टेबलाकडे बघत होते, आणि मी त्या दिवशी त्यांना एकदाही छळलं नाही.

दुकानात येऊन सुरी घेणारी गिऱ्हाइकं हळूहळू संपली. दादांचं नाव मात्र लांब लांब पोचलेलं. स्वयंपाकी आणि कसाई पत्रं पाठवून सुऱ्या मागवायचे आणि दादा त्या पोस्टाने धाडायचे. पत्रं वाचायला आणि पत्ते घालायला संध्याकाळी धाकटा दुकानात जायचा. दादांचा सगळा धंदा आमच्या पार्सलच्या खिडकीतूनच चालला होता म्हणा ना. रोज चारच्या सुमाराला ते दोन-तीन खोकी घेऊन यायचे. ताठ चालायचे, कोणाला वाट विचारायचे नाहीत, कठड्याला हात लावायचे नाहीत. मी म्हणायचे, दादा, तुमच्या भावाने आज चार जणांना परत पाठवलं. ते म्हणायचे, 'माझं परत पाठवायची हिंमत आहे का त्याची?' आणि खरंच, खुळखुळेंनी दादांचं पार्सल कधी सगळ्यांसमोर कानाला लावलं नाही.

गेली दोनेक वर्षं मी एक गोष्ट बघत होते. दादा गेले की खुळखुळे त्यांची खोकी उचलून मागच्या टेबलावर न्यायचे आणि दहा-पंधरा मिनिटांनी परत यायचे. एकदा विचारलं तर म्हणाले, पुन्हा वजन करतो. मी जाऊन बघितलं नाही, पण पट्टी फाडल्याचा आवाज यायचा. मला वाटलं, भावाच्या खोक्याला माणूस दोन पट्ट्या जास्तीच्या लावत असेल. भावाचं प्रेम, दुसरं काय. मी सगळ्यांच्या भानगडीत नाक खुपसणारी बाई, पण नेमकं तिथे खुपसलं नाही.

मग खुळखुळेंची दाढ ठणकायला लागली. गाल टम्म सुजला, डॉक्टरांनी दाढ काढली आणि तीन दिवसांची रजा घ्यायला लावली. त्यांच्या खिडकीवर मला बसवलं. जाताना ते माझ्याशी पाच मिनिटं बोलले. काटा डावीकडे थोडा झुकतो, पोचपावत्यांचा गठ्ठा खालच्या खणात आहे, असलं सगळं. दादांबद्दल ब्र काढला नाही. त्यांनी परस्पर दादांना सांगून ठेवलं होतं की तीन दिवस काही टाकू नकोस, मी आलो की टाकू. कारण काही सांगितलं नव्हतं. आणि कारण न सांगता थांबणारा माणूस दादा नव्हे. दुसऱ्या दिवशी चार वाजता ते खिडकीवर हजर. 'पोस्ट काय त्याच्या एकट्याच्या जीवावर चालतं?' असं म्हणाले आणि दोन खोकी माझ्यापुढे ठेवली.

मी ती हलवली नाहीत. कोपरेही दाबले नाहीत. आता हजारदा मनात तो क्षण येतो, पण तेव्हा खरोखर काहीच वाटलं नाही. ज्या माणसाने बांधायला शिकवलं त्याचं खोकं कसं तपासायचं? मी वजन केलं, शिक्का मारला, पावती दिली. दादा पावती न बघताच खिशात घालून गेले.

सॉर्टिंगला आमच्याकडे एक मावशी होत्या. पंचावन्नच्या, पेन्शनला पाच वर्षं राहिलेली. त्यांच्याइतके झरझर हात मी कोणाचे बघितले नाहीत. नजर गठ्ठ्यावर नाही, बोलणं चाललेलं, आणि पार्सलं आपापल्या पिशवीत पडताहेत. त्या दिवशी पाच वाजायच्या आत त्यांनी दादांचं खोकं कोपऱ्याला धरून उचललं. खोक्याचा कोपरा चिरून पात्याची धार बोटभर बाहेर आलेली होती. मावशी ओरडल्या नाहीत. त्या फक्त म्हणाल्या, 'हे बघा हो,' आणि खाली बसल्या. मी धावत गेले तेव्हा शेजारच्या पत्रांवरचे पत्ते लाल झाले होते. मी माझी ओढणी त्यांच्या हाताला गुंडाळली आणि घट्ट धरून बसले, आणि तेवढ्यात मला दिसलं की खोक्यावर शिक्का माझा आहे.

उजव्या तळव्यातल्या शिरा तुटल्या होत्या. शस्त्रक्रिया झाली, पण अंगठ्याशेजारची दोन बोटं मिटत नाहीत ती नाहीतच. डॉक्टर म्हणाले, जेवता येईल, लिहिताही येईल थोडंफार. सॉर्टिंगचं नाव त्यांनी काढलं नाही, आणि मावशींनीही विचारलं नाही.

चौकशीला वरचे साहेब आले. खोकं टेबलावर उघडून ठेवलं. म्यान होतं, बूच होतं, सुतळी होती. फक्त म्यान उलटं होतं. धार उघड्या बाजूला आणि पाठ बंद बाजूला. धारेवर नुसती चिकटपट्टी, आणि ती उचल-ठेवीच्या दोन धक्क्यांतच फाटलेली. सुतळी मुठीवरून निसटून पात्याच्या मध्यावर येऊन बसली होती. साहेबांनी मला विचारलं, तुम्ही पार्सल तपासलं का? मी खरं ते सांगितलं. त्यांनी मला निकाल लागेपर्यंत घरी बसायला सांगितलं. नोकरी जाऊ शकते, हेही सांगितलं, आणि तसं स्पष्ट सांगितल्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तिसऱ्या दिवशी खुळखुळे माझ्या घरी आले. गाल अजून सुजलेला. चपला दाराबाहेर काढल्या आणि उंबऱ्याच्या आत येऊन उभेच राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात. मग खाली बघून सगळं सांगितलं. दादांना दोन वर्षांपासून समोरचं दिसत नाही. कडेचं दिसतं म्हणून चालतात. नजर रोखली की त्या जागी नुसता धूर. धार ते कानाने आणि चाकाच्या थरथरीने लावतात, त्यात अजून काही चूक होत नाही. पण पुठ्ठा बांधायला बोटांची जाण लागते, आणि चाळीस वर्षं सहाणेवर घासून बोटांना घट्टे पडलेत. दुमड कुठली आणि उघडी कड कुठली हे त्यांना कळत नाही. एखादं म्यान सुलट व्हायचं, एखादं उलट. पहिल्यांदा उलट आलं तेव्हा खुळखुळेंनी ते मागच्या टेबलावर नेऊन गुपचूप सरळ केलं. मग रोजच. दुसऱ्याचं पार्सल पाठवणाऱ्याच्या माघारी उघडायचं नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम, आणि नियमाला देव मानणारा हा माणूस तो दोन वर्षं रोज मोडत होता.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. दोन वर्षांत मला एक शब्द सांगता आला नाही? त्या दिवशी काट्याबद्दल पाच मिनिटं बोललात, तेव्हा एक वाक्य जास्त बोलायला काय झालं होतं? मी बरंच काही बोलले. आतून माझी सासू बाहेर येऊन बघून गेली इतकं.

ते म्हणाले, 'बाई, एकदा तोंडातून बाहेर पडलं असतं तर ते खरं झालं असतं. त्याच्या हातात तेवढंच उरलंय.'

'आणि मावशींच्या हातात काय उरलं?' मी म्हटलं.

मी पुढे सांगितलं की हे तुम्ही साहेबांना सांगा. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन. मला नोकरी हवी होती आणि मी ते लपवणार नाही. पण ते सांगितलं की दादांची सुरी पोस्ट पुन्हा घेणार नाही, दुकान बंद पडेल, आणि कशामुळे ते दादांना भावाच्याच जबाबातून कळेल, हे मला तेव्हा समजत होतं. त्यांनाही समजत होतं. 'उद्या लिहून देतो,' असं म्हणाले, चपला घातल्या आणि गेले.

त्यांनी दोन पानं लिहून दिली. स्वतःला एका वाक्यानेही वाचवलं नाही. मला कामावर परत घेतलं. त्यांना खिडकीवरून उठवून मागे जुन्या कागदपत्रांच्या खोलीत बसवलं, जिथे दिवसभर कोणी जात नाही. आणि दादांना पत्र गेलं.

ते पत्र दादांना वाचता येणं शक्य नव्हतं. आजवर त्यांची सगळी पत्रं धाकटा वाचायचा. पण पोस्टमनने हातात देताना पोस्टाचंच सरकारी पत्र आहे म्हणून सांगितलं असेल, किंवा धाकटा दोन संध्याकाळी आला आणि पत्राचं नाव काढेना म्हणून त्यांना संशय आला असेल. एके दिवशी अकरा वाजता ते माझ्या खिडकीशी आले. हातात खोकं नव्हतं. पाकीट पुढे केलं आणि म्हणाले, वाचा. मी म्हटलं, दादा, घरी घेऊन जा, धाकटे वाचून दाखवतील. ते म्हणाले, 'तुम्ही वाचा.'

मागे रांग होती. मी आवाज जितका खाली आणता येईल तितका आणला. आधी हुकूम होता, की आपल्या पार्सलातल्या सुरीने सॉर्टिंगच्या कर्मचारी महिलेचा हात जखमी झाल्याने आपल्याकडून धारदार वस्तूंची पार्सलं यापुढे स्वीकारली जाणार नाहीत. त्याखाली कारण म्हणून जबाबातला उतारा होता. 'सदर प्रेषकाची दृष्टी क्षीण झाल्याने त्यांच्या पॅकिंगमध्ये गेली सुमारे दोन वर्षे वारंवार दोष आढळत होता. हे मी प्रेषकास कधीही सांगितले नाही. पार्सले मी स्वतः उघडून दुरुस्त करीत असे.' दादांनी मधलं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मी वाचलं.

'दोन वर्षं,' दादा म्हणाले.

मी मान हलवली, आणि मग लक्षात आलं की त्यांना ते दिसणार नाही. म्हटलं, हो.

त्यांनी विचारलं, त्या बाईंचा हात कुठला? मी सांगितलं, उजवा. सॉर्टिंग करतील का पुन्हा? मी सांगितलं, नाही. त्यांनी पाकीट घेतलं, घडी घातली, घडी नीट बसली की नाही ते अंगठ्याने दोनदा चाचपून बघितलं. मग बोलले, आणि आवाज नेहमीचाच होता.

'पहिल्या दिवशी तो म्हणाला असता, दादा, उलटं झालंय, तर मी चिडलो असतो. दोन दिवस त्याच्याशी बोललो नसतो. तिसऱ्या दिवशी दुकान बंद केलं असतं. एवढंच झालं असतं, ताई.'

जाताना त्यांनी पहिल्यांदा कठड्याला हात लावला. दारापर्यंत तसाच लावून ठेवला.

त्या दिवसापासून दादांनी दुकान उघडलेलं नाही. वरच्या खोलीत असतात. शेजारीण डबा देते, ती सांगते की जेवतात, झोपतात, कोणाविषयी काही बोलत नाहीत. ते मावशींकडे एकदा गेले होते. मावशी म्हणाल्या, आले, बसले, माझा हात हातात घेऊन बोटं चाचपली, एकेक करून. मग उठून गेले. हे सांगताना मावशींना रडू आवरेना, आणि न मिटणाऱ्या बोटांतून कप खाली पडला.

खुळखुळे रोज पोस्ट सुटलं की दुकानाशी जातात. दार वाजवतात. आतून उत्तर येत नाही. ते पायरीवर थोडा वेळ बसतात आणि घरी जातात. त्यांना आता कोणी खुळखुळे म्हणत नाही. मीही म्हणत नाही. तपासायला त्यांच्यापुढे पार्सलच येत नाही.

दादा पत्र वाचून घेऊन गेले त्याच संध्याकाळी खुळखुळे मागच्या खोलीतून माझ्यापाशी आले होते. कोणीतरी त्यांना सांगितलं असावं. विचारलं, 'दादा आला होता म्हणे. काय म्हणाला?'

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. सूज उतरली होती, पण माणूस महिनाभर आजारी असल्यासारखा दिसत होता. मी म्हटलं, पत्र वाचून घेतलं आणि गेले.

'माझ्याबद्दल काही?'

'काही नाही,' मी म्हटलं.

त्यांच्या चेहऱ्यावर जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. म्हणाले, मग राग उतरेल त्याचा हळूहळू. मी म्हटलं, उतरेल. ते पिशवी उचलून दुकानाच्या दिशेने निघाले.

दादा काय म्हणाले ते खुळखुळेंना कळायला हवं, हे मला ठाऊक आहे. ते कळलं नाही तर हा माणूस जन्मभर त्या पायरीवर बसेल आणि राग उतरायची वाट बघेल. आणि राग तर मुळात नाहीच तिथे, जे आहे ते त्याहून वाईट आहे. मी, एवढ्या लांब जिभेची बाई, रोज ठरवते की उद्या सांगायचं. याला आता पाच महिने झाले.